खलनायकाचे दात

आमच्या बाबांचे वरचे समोरचे दोन दात नाटकाच्या नायकाने पाडले, आणि लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला होते, पण त्यांना कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर ते उत्तराआधी क्षणभर थांबत. माझी खात्री आहे, त्यांच्या जिभेवर आधी 'खलनायक' हाच शब्द येत असे आणि तो गिळून ते 'सर्व्हिस' म्हणत. लाखांदूरकडे आमचं गाव. धान निघालं की गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची, आणि मंडईत नाटक नाही तर ती मंडई कसली! नायिका नागपूरहून यायची, पेटी-तबलेवाले वडशाकडून, बाकी सगळी पात्रं गावातलीच. नायक दर सालाला बदलायचा, खलनायक कधीच नाही. लोक आजारपणासाठी सुट्ट्या साठवतात, आमचे बाबा तालमीसाठी साठवायचे. ताप आला तरी ड्युटीवर जायचे. त्या वर्षी नायक होते गावच्या शाळेवर नवे आलेले गुरुजी, अंगाने दणकट आणि उत्साहाने त्याहून दणकट. तिसऱ्या अंकात त्यांनी खलनायकाला खोटा ठोसा मारायचा होता. तो खरा बसला. बाबा धाडकन पडले, तालीम बघायला बसलेल्या मंडळींना वाटलं, काय अ‍ॅक्टिंग आहे राव! बाबा उठले तेव्हा दोन्ही दात निम्म्यातून गेले होते, आणि तशाही तोंडाने ते गुरुजींना म्हणाले, "मास्तर, झकास! मंडईले पन असाच मारजा."

पण तोंडातून 'झकास' नीट निघालंच नव्हतं, नुसती हवा निघाली. नाटक बसवणारे शामरावकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, सगळं पाहत होते. पडद्याआड उभं राहून पात्रांना संवाद पुरवण्याचं कामही त्यांचंच. ते म्हणाले, "भाऊ, तुया हासन्यावर हे नाटक उभं हाय. रंगीत तालमीले दात पायजेत. नाई त माया जवाई तयारच बसला हाय." बाबा गावाहून फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये परत आले ते हेच धुमसत. "त्याचा जवाई! तो हासला त कोंबडी बी भेनार नाई!" असं ते जेवतानाही म्हणत होते, झोपतानाही म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी शिट्टी वाजत होती. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि लगेच गंभीर व्हायची, कारण तिला माहीत होतं, हा माणूस नाटकाविना एक हिवाळा काढू शकणार नाही. मला तर त्याहून जास्त माहीत होतं. त्यांचे दात मीच बनवणार होते!

हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. नागपुरातून डेंटल मेकॅनिकचा डिप्लोमा करून मी भंडाऱ्यात भुरेसरांच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. लॅब म्हणजे बसस्टँडमागच्या दोन खोल्या. त्यात सर, कल्पनाताई आणि मी. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, आम्ही दात बनवून परत पाठवायचो. बाहेरच्यांना वाटतं, कॅप म्हणजे पांढरा दात, झालं. अहो, आत धातूची पातळ टोपी असते! मेणात कोरायची, वितळलेल्या धातूत ओतायची, घासायची, बारीक वाळूच्या फवाऱ्याने खरबरीत करायची, भट्टीत तापवून तिच्यावर गंजासारखा झिरझिरीत थर आणायचा. त्याच थराला सिरॅमिक धरून बसतं. मग पुन्हा हलका फवारा, पुन्हा धुणं, आणि त्यावर पांढऱ्या अस्तराचा लेप. अस्तर भाजलं की त्यावर कुंचल्याने दाताच्या रंगाची ओली भुकटी रचत जायची. ती भट्टीत गेली की मऊ पीठ आत जातं आणि चकचकीत दात बाहेर येतो. पहिल्यांदा माझ्या हातचा दात भट्टीतून बाहेर आला तेव्हा मी टाळी वाजवली होती आणि सर दचकले होते. आज माझा भाचा संगणकावर दात आखतो आणि मशीन तो ठोकळ्यातून कोरून देतं. छान निघतो दात, माझी तक्रार नाही. पण दात बाहेर आला म्हणून त्याला टाळी वाजवताना मी कधी पाहिलं नाही.

बाबांच्या दोन्ही कॅप मी जीव ओतून केल्या. आईने त्यांचा लग्नातला फोटो काढून दिला होता, तो समोर ठेवून मी दातांचा आकार धरला. डॉक्टरांनी बसवल्या, बाबा आरशासमोर उभे राहिले आणि हसले. शेजारच्या क्वार्टरमधलं लहान पोर रडायला लागलं. बाबांना यापेक्षा मोठी पावती नको होती. त्या रविवारी घरी सणासारखं होतं. गावाहून नवा तांदूळ काही आठवड्यांपूर्वीच आला होता. सकाळची वंदना आटोपून आईने चुलीवर भाताचा मोठा गंज चढवला, लाखोरीची डाळ शिजवली, वांग्याची भाजी केली. भात पसवला की निथळलेलं दाट पाणी, म्हणजे पेज, आई कधी फेकत नसे. निम्मी आम्ही मीठ घालून प्यायचो आणि निम्मी पाण्यात कालवून ती कपड्यांना खळ म्हणून घालायची. बाबांचे शर्ट, माझे अ‍ॅप्रन, सगळं कडक. भोंगा झाल्यावर फॅक्टरीकडे निघालेल्या शंभर माणसांतही आमचे बाबा त्यांच्या कॉलरवरून ओळखू यायचे. जेवणं झाल्यावर बाबांनी तळ्यातले उकडलेले शिंगाडे पुढे ओढले. शिंगाडा सोलायला आमच्याकडे दातच लागतात. पहिल्याच शिंगाड्याला काहीतरी टचकन वाजलं, आणि बाबांनी तळहातावर थुंकून पाहिलं तर शिंगाड्याच्या सालीशेजारी दाताचं पांढरं कवच पडलं होतं. तोंडात धातूची काळपट टोपी तेवढी उरली होती.

"सांगतलं होतं ना, शिंगाडे नोका खाऊ म्हनून!" आई ओरडली. दोष शिंगाड्यावर गेला, मलाही बरं वाटलं. मी नवी कॅप केली. चार दिवसांनी बाबा ओसरीत नुसता चहा पीत बसले होते, वरून गार पाणी प्यायले, आणि दुसऱ्या दाताचं कवच कपात पडलं. आता शिंगाड्याला काय म्हणणार?  बाबांनी ते कवच चमच्याने काढलं, पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. "पाय बा शीला, का झालं त." एवढंच म्हणून ते आत गेले आणि नाटकाची वही न उघडता झोपले. बाबा वही न उघडता झोपले! आईने मला खुणेनेच विचारलं, आणि मी मान हलवली की मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले तर सरांच्या टेबलावर आणखी तीन कॅप परत आलेल्या. त्यांचीही तीच कथा. सर कपाळाला हात लावून बसले होते. "शीला, असंच चाललं त ही भट्टी विकून टाकू आनि सिरॅमिकचं काम नागपूरले पाठवू," म्हणाले. मी त्यांच्यापुढे बाबांचं कवच ठेवलं. आम्ही दोघांनी ते भिंगाखाली उलटं धरलं, आणि सरांचा हात कपाळावरून खाली आला. सिरॅमिक मधूनच मोडलं असतं तर धातूवर त्याचा थर राहिला असता. इथे अस्तरासकट सगळा पापुद्रा उचलून आला होता आणि आतल्या बाजूला बारीक फुगे होते, उकळत्या पेजेवर येतात तसे. म्हणजे सिरॅमिक कच्चं नव्हतं. त्याने धातूला धरलंच नव्हतं. "काहून नाई धरलं?" सर म्हणाले. "काहून नाई धरलं?" मीही म्हणाले, आणि खरं सांगू? माझ्या बापाचं नाटक बुडायला आलं होतं, सरांची लॅब बुडायला आली होती, आणि मला भारी चेव चढला होता! त्या दिवसांत बसमध्येही मी स्वतःशी पुटपुटायचे. शेजारच्या बाईने एकदा जागा बदलली.

सरांची एकच अट होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुठे होता ते कळणार नाही. फेकायला ठेवलेल्या धातूच्या टोप्या आम्ही शोधून काढल्या. प्रत्येकीवर अस्तर भाजायचं आणि मग पक्कडीने चिमटून पाहायचं, धरतं की सुटतं. आधी धातूवर संशय. एकदा वितळून उरलेला धातू आम्ही नव्यात मिसळत होतो, तो बंद केला, कोरा धातू घेतला. पापुद्रा सुटला! मग फवाऱ्याच्या यंत्रावर. हवेबरोबर तेल येतं की काय, म्हणून कोऱ्या कागदावर हवा मारली. कागद कोरडा ठणठणीत. वाळू बदलली. सुटला! मग भट्टीवर. आकडा खोटा दाखवत असेल, तर चांदीची बारीक तार आत ठेवायची. चांदी ठरलेल्या उष्णतेलाच वितळते. सराफाकडून तार आणली, आम्ही तिघं भट्टीच्या काचेला नाक लावून बसलो, आणि तार बरोब्बर वेळेवर थेंब झाली. "भट्टी खरी बोलते!" सर ओरडले, जणू कोर्टात साक्ष झाली. मग खोटं कोण बोलतं? पाणी बदललं, अस्तराची नवी बाटली उघडली. कट्‌ कट्‌ कट्‌, पक्कडीखाली सगळी कवचं सुटत गेली. तिकडे गावाहून निरोप आला की शामरावकाकांच्या जावयाने खलनायकाचे संवाद पाठ करायला घेतले. बाबांनी हे ऐकलं आणि आईला म्हणाले, "करू दे. पोरगं हुशार हाय." बाबांनी त्या जावयाला हुशार म्हणावं! मला रडूच आलं.

आणि मग एका सकाळी कल्पनाताई चिडल्या. कल्पनाताई शांत बाई, टोप्या घासणं-धुणं त्यांच्याकडे. वर्षात दोनदा चिडल्या तर खूप. तुमसरच्या एका पेशंटची कॅप रंग जुळला नाही म्हणून परत आली होती. तिचं सिरॅमिक काढून नव्याने चढवायचं होतं, आणि त्या घासून घासून थकल्या होत्या. "निंगता निंगून नाई राहिलं वं हे! दगडं घासून संपले माये!"

मी कुंचला टाकला. "का म्हनलं ताई?"

"निंगत नाई म्हनलं. चिकटून बसलं हाय."

सर खुर्चीवरून उठले, मी उठले, आणि आम्ही दोघांनी ती कॅप त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकली. पक्कडीने दाबली, चिमटली. ढिम्म! सगळ्या कॅप सुटत असताना ही एक धरून बसली होती, तोच धातू, तीच भट्टी, तेच पाणी. "ताई, ही कोनत्या दिवशी केली? आठवा! त्या दिवशी का वेगळं केलं?" कल्पनाताई घाबरल्याच. काही नाही केलं वेगळं, म्हणाल्या. धुतली, वाळवली, तुझ्याकडे दिली. "कशी वाळवली?" आता त्या विचारात पडल्या. "त्या दिवशी आभाळ होतं ना. फडके धुवाले गेले होते, वाळून आलेच नाई. मंग पुसाले काही नोतं, म्हनून भट्टीच्या तोंडाशी ठेवली. तिथंच वाळली."

फडकी!  ती फडकी आमच्या घरची होती. मी लॅबमध्ये लागले तेव्हा आईला कोण अभिमान. आपली पोरगी डॉक्टरांच्या कामात आहे, तिथे कळकट कापड कसं चालेल? तिने जुन्या पांढऱ्या लुगड्याची मऊ फडकी फाडून, काठ शिवून दिली होती, आणि दर आठवड्याला मी ती घरी नेऊन स्वच्छ धुतलेली परत आणत होते. स्वच्छ, पांढरी, आणि आईच्या हाताने गेलेलं प्रत्येक कापड असतं तशी कडक! पहिल्या महिन्यांत ती नुसती साबणाने धुतलेली असायची. नवा तांदूळ आला, दाट पेज निघू लागली, आणि तिने फडक्यांनाही खळ घालायला सुरुवात केली. आमच्या कॅप सुटायला लागल्या त्याही तेव्हापासूनच. भट्टीत तापवून, फवारा मारून, धुवून चोख केलेली टोपी कल्पनाताई शेवटी त्या फडक्याने प्रेमाने पुसत होत्या, आणि धातूवर पेजेची पातळ साय बसत होती. वरून मी अस्तर लावायचे. भट्टीत पेज जळायची, तिचा धूर अस्तराखाली अडकायचा आणि फुगे धरायचा. पण हे सगळं अजून माझ्या डोक्यातच होतं. सरांना पुरावा हवा होता. मी औषधाच्या पेटीतून टिंचर आयोडीनची बाटली काढली. शाळेत बाईंनी बटाट्याच्या कापावर टाकून दाखवलं होतं, पिष्ट असेल तिथे निळंकाळं होतं. सरांनी फडकं ताणून धरलं, मी एक थेंब टाकला. तपकिरी थेंब पसरता पसरता जांभळा झाला आणि मग शाईसारखा काळानिळा. कल्पनाताई "माय वं!" म्हणाल्या. सरांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की गुरुजींचा ठोसा मला त्या दिवशी समजला.

लगेच दोन टोप्या घेतल्या. एक फडक्याने पुसली, एक भट्टीच्या तोंडाशी वाळवली. दोघींवर एकाच बाटलीतलं अस्तर, दोघी एकाच वेळी भट्टीत. बाहेर आल्यावर पहिलीचं अस्तर मी नखाने उचललं. दुसरीवर सरांनी पक्कड मोडायला आणली तरी ती जागची हलली नाही. मी लॅबमध्ये उड्या मारल्या. पंचवीस पोरांना हे काम शिकवलंय मी आजवर, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते: धुतलेल्या टोपीला बोट नाही, कापड नाही, फुंकरसुद्धा नाही. ते मान डोलावतात. त्यांना काय ठाऊक, मी ते कसं शिकले!

घरी आले तीच ओरडत, "सापडलं! सापडलं! आई, तुई पेज होती!" आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. मी सगळं नीट समजावलं, धातू, अस्तर, धूर, फुगे. ती ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "म्हंजे त्याईचे दात मीनच पाडले."  बाबा आतून आले. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पयले मास्तरनं पाडले, मंग हिनं दोनदा. मास्तरपेक्षा हिचा हात जड हाय!" आणि हसले, ते बोडक्या टोपीचं काळंकुट्ट हसू. मीही हसले. आई मात्र हसली नाही.  सकाळी तिने सगळी फडकी सोड्यात उकळून काढली, तीन पाण्यांतून पिळली आणि लोळागोळा झालेली ती कापडं माझ्यापुढे टाकली. "घे तुये मेलेले फडके." मी म्हणाले, आई, आता कापडच वापरायचं नाही, सरांनी बंद केलंय. त्यावर ती जे उठून गेली, ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. माझ्या यशाचा सगळा आनंद होता, पण तिच्या उतरलेल्या तोंडापुढे तो मला मोकळा घेता येईना.

बाबांच्या नव्या कॅप रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी बसल्या. रंगीत तालीम झाली, शामरावकाकांच्या जावयाने वही गुमान मिटली. पण खरी परीक्षा मंडईची. सगळा गाव, आसपासची गावं, बैलगाड्या, ट्रॅक्टर, भज्यांचे ठेले, आणि आम्ही मायलेकी बायकांच्या बाजूला अंथरलेल्या भाताच्या तणसावर बसलेलो. लोक नाटक बघत होते, मी दोन दात बघत होते. आमच्याकडे नाटकात एखाद्याचं काम आवडलं की लोक तिथल्या तिथे बक्षीस पाठवतात. चिठ्ठी माईकवाल्याकडे जाते, नाटक थांबतं, नाव पुकारलं जातं, पात्र हात जोडतं, आणि नाटक पुन्हा सुरू होतं. गुरुजींना बक्षिसं मिळाली, नागपूरच्या नायिकेला तर मोजताच आली नाहीत. तिसरा अंक लागला तेव्हा पूर्वेकडे फटफटायला आलं होतं. गुरुजींचा ठोसा या वेळी खोटा बसला. बाबा पडले, उठले, स्टेजच्या मध्यावर आले आणि मान मागे टाकून हसले. काय हसले! एवढं मोठं तोंड, एवढा मोठा आवाज, समोरची पोरं आयांच्या मांडीत शिरली. दोन्ही दात दिव्यात चमकत होते, जागच्या जागी. मी शेजारी हात चाचपला तर आई नव्हती.

माईक खरखरला. नाटक थांबलं. माईकवाल्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, पुन्हा दूर नेली, आणि वाचली: "खलनायकाचे दात बनवणारी कुमारी शीला हिला, तिच्या आईकडून बक्षीस!" आधी हशा झाला, मग टाळ्या, आणि पुढच्या रांगेतल्या बायका वळून मला शोधू लागल्या. स्टेजच्या कडेला, पदर डोक्यावर घट्ट ओढून, आई उभी होती. जन्मात कधी माईकवाल्यापर्यंत न गेलेली माझी आई. मला उठून हात जोडायचे होते, पण रडू फुटलं होतं. पडद्याआडून शामरावकाका संवाद पुरवत होते, "माझ्या तावडीतून तुला कोण सोडवणार!" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर सगळ्या मंडईला ऐकू गेला. पण खलनायक त्या कडेला बघत, दोन्ही दात दाखवत, नुसता हसत उभा होता.